क्रीडाशिक्षक डॉ. जेम्स नेस्मिथ
— द्वितीय वर्ष, कला शाखा

खेळाचा तास म्हटला की शाळेच्या वेळापत्रकातील सर्वांत पोरका तास आठवतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तो गणिताला जातो, पाऊस आला की बुडतो आणि परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातूनच नाहीसा होतो. तो तास घेणाऱ्या शिक्षकांनाही आपण नावाने फारसे ओळखत नाही. ते सर्वांचे ‘पी.टी.चे सर’ असतात. अशाच एका पी.टी.च्या सरांनी, कोणालाही न आवरणाऱ्या एका वर्गासाठी अवघ्या चौदा दिवसांच्या मुदतीत एक नवा खेळ निर्माण केला आणि तो पुढे साऱ्या जगात पसरला. ते सर म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉलचे जनक म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येते आणि आपण ते पाठ करून विसरून जातो. त्या ओळीमागे जो शिक्षक उभा आहे, त्याची ओळख करून देण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मोंट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. १८७० साली विषमज्वराने त्याचे वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आईही गेली. नऊ वर्षांचा जेम्स, त्याची बहीण आणि भाऊ ही तीन पोरकी मुले प्रथम आजीच्या व पुढे मामाच्या आश्रयाला राहिली. मामा पीटर यंग हे अविवाहित, कष्टाळू आणि शिस्तीचे शेतकरी होते. त्यांच्याकडे शेतीची सारी कामे जेम्सच्या अंगवळणी पडली.

गावातील मुले मोकळ्या वेळी एक खेळ खेळत. तो आपल्या लगोरीच्या जातीचा म्हणता येईल. एका मोठ्या दगडावर लहान दगड ठेवायचा, एकाने राखण करायची आणि इतरांनी लांबून दगड मारून तो पाडायचा. जोराने मारलेला दगड नेम चुकला तर दूर जाई आणि तो आणायला गेलेला गडी पकडला जाई. म्हणून हुशार मुले दगड जोराने न फेकता वरून अलगद टाकीत. ही साधी युक्ती जेम्सच्या मनात राहिली. पुढे तिचा मोठा उपयोग व्हायचा होता.

शाळेत मात्र या मुलाचे लक्ष लागेना. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने हायस्कूल सोडले आणि तो लाकूडतोडीच्या कामाला जंगलात गेला. हिवाळ्याच्या कडाक्यात झाडे तोडणे आणि ओंडके ओढणे, यात सुमारे पाच वर्षे गेली. अशा मुलाचे पुढे काय होते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या भागात शाळा सुटली की मुलगा ऊसतोडीला जातो किंवा गवंड्याच्या हाताखाली लागतो आणि त्याचे नाव हजेरीपटावर पुन्हा चढत नाही. परंतु जेम्स वीस वर्षांचा झाल्यावर त्याच हायस्कुलात परत आला. मिसरूड फुटलेला हा जवान आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसला. त्याला किती संकोच वाटला असेल याची कल्पनाच केलेली बरी! शाळा पूर्ण करून १८८३ साली त्याने मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८८७ साली तो बी.ए. झाला. पुढे तेथीलच धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयातून त्याने १८९० मध्ये शिक्षण पुरे केले.

नेस्मिथ आता धर्मोपदेशक होणार असे घरच्यांनी गृहीत धरले होते. पण मॅकगिलमध्ये असताना ते फुटबॉलच्या मैदानावर आणि व्यायामशाळेतही रमले होते. त्या काळच्या धार्मिक मंडळींना मैदान म्हणजे वाया गेलेल्या मुलांची जागा वाटे. अशात एका सामन्यात शेजारच्या खेळाडूचा तोल सुटला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. नेस्मिथ जवळ आहेत हे ध्यानात येताच त्याने ओशाळून माफी मागितली. वस्तुतः नेस्मिथ यांनी त्याला कधी एका शब्दाने उपदेश केला नव्हता. या प्रसंगाने ते विचारात पडले. मुलांबरोबर खेळणाऱ्या माणसाचा त्यांच्या मनावर असा परिणाम होत असेल, तर मैदान हीच आपली जागा का असू नये? त्यांनी निर्णय घेतला. त्यांच्या बहिणीला तो कधीच रुचला नाही.

१८९० साली ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात आले आणि पुढच्या वर्षी तेथेच शिक्षक झाले. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असल्याने व्यायाम चार भिंतींच्या आत घ्यावा लागे. तेथे कवायत, डंबेल्स आणि उड्या यांपलीकडे काही नव्हते. भावी कार्यवाहांचा अठरा जणांचा एक वर्ग या प्रकाराला अगदी विटला होता. वयाने मोठी, मैदानी खेळात मुरलेली ही मंडळी होती. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि काहीतरी नवे शोधून काढण्यासाठी चौदा दिवस दिले.

येथे नेस्मिथ यांच्यातील शिक्षक दिसतो. वर्ग वाईट आहे, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. आधीच्या दोघांचा अनुभव साक्षीला होताच. नेस्मिथ यांनी मात्र दोष मुलांच्या माथी मारला नाही. आपण त्यांना जे देत आहोत त्यात खेळाचा आनंद नाही, मग त्यांनी ते का घ्यावे, असा विचार त्यांनी केला. प्रथम त्यांनी फुटबॉल आणि लॅक्रॉस हे खेळ थोडे बदलून आत खेळवून पाहिले. जागा अपुरी पडून मुलांना मार लागू लागला. मुदत संपत आली तरी हाती काही लागेना.

तेव्हा त्यांनी खेळांची फोड करून पाहिली. धक्काबुक्की का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्याचीच मनाई केली तर अंगावर जाण्याचे कारण उरत नाही. चेंडू जोराने का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तो डोक्याच्या वर आणि आडवा ठेवला तर चेंडू अलगदच टाकावा लागेल. लहानपणीचा तो दगडांचा खेळ त्यांना येथे आठवला. त्यांनी तेरा नियम लिहून काढले. शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून त्याने पीच या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकण्यात आल्या.

२१ डिसेंबर १८९१ रोजी वर्ग भरला. फ्रँक महान नावाचा विद्यार्थी या टोळीचा म्होरक्या समजला जाई. पुन्हा एक नवा खेळ आला म्हणून त्याने नाक मुरडले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि साऱ्या सामन्यात एकच गोल झाला. टोपलीला बूड असल्यामुळे तो चेंडू वर चढून काढावा लागला. पण त्या दिवशी मुले खेळ सोडून जायला तयार होईनात! काही दिवसांतच बघ्यांची गर्दी होऊ लागली. जवळच्या शाळेतील शिक्षिकांनी खेळ पाहून, मुलींनी हा का खेळू नये, असे विचारले आणि नेस्मिथ यांनी आनंदाने होकार दिला. त्या शिक्षिकांपैकी मॉड शर्मन यांच्याशी १८९४ साली त्यांचा विवाह झाला.

नियमांचे कागद मात्र फलकावरून नाहीसे झाले होते. नाताळच्या सुटीनंतर महान स्वतः नेस्मिथ यांच्याकडे आला. हा खेळ नाव काढणार असे वाटल्यामुळे आठवण म्हणून कागद आपणच घेतले, अशी कबुली देऊन त्याने ते परत केले. खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असेही त्याने सुचवले. नेस्मिथ हसले आणि त्यांनी ते मानले नाही. तेव्हा टोपली आणि चेंडू यांवरून ‘बास्केटबॉल’ हे नाव महाननेच सुचवले. जो विद्यार्थी वर्गाची डोकेदुखी होता, त्यानेच खेळाचे बारसे केले! ते दोन कागद २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरना विकले गेले व आता कॅन्सस विद्यापीठात जतन केलेले आहेत.

स्वतः नेस्मिथ यांनी या खेळावर संपत्ती उभी केली नाही. १८९५ साली ते डेन्व्हरला गेले, तेथे नोकरी सांभाळून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९८ साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९३७ पर्यंत तेथेच राहिले. महायुद्धाच्या काळात पन्नाशी उलटलेली असतानाही ते १९१७ ते १९१९ या काळात सैनिकांच्या सेवेसाठी फ्रान्समध्ये होते. कॅन्ससच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक. त्यांच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या जुन्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच आहेत. खेळाच्या जनकाची ही गत पाहून हसू येईल. परंतु खेळ हा खेळण्यासाठी आहे, मुलगा निरोगी व सरळ व्हावा यासाठी आहे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या उतारवयातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १९३३ साली जॉन मॅक्लेन्डन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी शारीरिक शिक्षण घेण्यासाठी कॅन्ससला आला. नेस्मिथ यांनाच गुरू करायचे, असे वडिलांनी सांगून पाठवले होते. मुलाने त्यांना गाठून तसे सरळ सांगितले आणि नेस्मिथ यांनी त्याचा स्वीकार केला. विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. गोऱ्या मुलांच्या पोहण्याच्या तलावात ते उतरू नयेत म्हणून त्यांना पोहण्याच्या अटीत न पोहताच उत्तीर्ण करीत. मॅक्लेन्डन तलावात उतरला, तेव्हा नंतर सारे पाणी उपसून टाकण्यात आले. अशा वातावरणात नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले, त्यांनी त्याला शिकवले आणि पुढील शिक्षणासाठी साहाय्य केले. विद्यापीठाची ती रीत त्यांच्या हातून बदलली नाही. संघाचे दार कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ च्या सुमारास उघडले. तथापि तो एक विद्यार्थी वाया गेला नाही. प्रशिक्षक म्हणून मॅक्लेन्डन यांच्या टेनेसी येथील संघाने १९५७ पासून सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी जमवून नेस्मिथ यांना तेथे पाठवले. अंतिम सामना भर पावसात, चिखल झालेल्या उघड्या मैदानावर झाला. अमेरिकेने कॅनडाचा १९–८ असा पराभव केला. जन्मभूमी आणि कर्मभूमी समोरासमोर होत्या; ते कोणाच्या बाजूचे असतील? २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या देशाशीही त्यांच्या विद्यालयाचा संबंध आहे. स्प्रिंगफिल्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. आपल्याकडे या विषयाचे शिक्षक तयार करण्याचे काम तेथून पुढे वाढले.

वाचकहो, हा लेख लिहिताना मला सतत माझ्या दादाची आठवण येत होती. तो आमच्या शाळेच्या ‘ड’ तुकडीत होता. त्या तुकडीवर जायला शिक्षक नाखूश असत. पी.टी.चे सर तेवढे आनंदाने जात. मैदान आखायचा चुना आणि दोरी ते दादाच्या हाती देत, आणि त्या दिवशी दादा घरी ताठ मानेने येई. दहावीत तो शाळा सोडून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, तेव्हा सर दोनदा आमच्या घरी आले होते. दादा आला नाही. मी मात्र त्यांच्या सांगण्यावरून शिकत राहिले आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली ठरले.

दादा आज एकवीस वर्षांचा आहे. वीस वर्षांचा नेस्मिथ लहान मुलांच्या बाकावर कसा जाऊन बसला, हे मी त्याला दिवाळीच्या सुटीत सांगितले. त्याने ऐकून घेतले, काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने विचारले, की बाहेरून दहावीला बसण्यासाठी तो सतरा नंबरचा फॉर्म कोठे भरतात. मला नीट माहीत नव्हते. मी त्याला पी.टी.च्या सरांकडे पाठवले आहे.