विश्लेषण : अंकशास्त्राचा गुरू कीरो खरेच कोकणात शिकला होता का?

वाशीच्या आरटीओत एमएच-४३ मालिकेतला हवा तो क्रमांक मिळावा म्हणून काही वाहनमालक लाखाच्या घरात शुल्क मोजतात. बारशाला ठरलेल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वर्षभरात एक ए वाढतो. दुकानाच्या पाटीवर आय हे अक्षर एकाऐवजी दोनदा येते. कारण विचारले तर उत्तर एकच मिळते, बेरीज जुळत नव्हती. ही बेरीज करण्यासाठी आपल्याकडे जे तक्ते वापरले जातात, त्यातला सर्वांत गाजलेला तक्ता कीरो या नावाने लिहिणाऱ्या एका आयरिश माणसाचा आहे. आपली विद्या मुंबईच्या पलीकडे, कोकणात मिळाली, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. हा दावा कितपत खरा? आणि या आकडेमोडीचा बायबलशी काय संबंध?

कीरो कोण होता?

त्याचे खरे नाव विल्यम जॉन वॉर्नर. जन्म १ नोव्हेंबर १८६६, आयर्लंडमधला. हस्तसामुद्रिकासाठी युरोपीय भाषांत जो शब्द आहे, त्यात हात या अर्थाचा ग्रीक शब्द येतो. त्यावरून त्याने कीरो हे व्यावसायिक नाव घेतले. पुढे तो स्वतःला काउंट लुई हॅमन म्हणवू लागला. ही सरदारकी त्याची त्यानेच स्वतःला बहाल केली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात भूत-प्रेत, हात पाहणे, आत्म्यांशी संवाद यांचे मोठे वेड होते. त्या गर्दीत उठून दिसायचे तर जवळ वेगळे काहीतरी हवे. कीरोकडे ते होते, पूर्वेकडून आणलेली विद्या.

कोकणाचा दावा नेमका काय?

आठवणींत तो सांगतो ते असे. ऐन तारुण्यात तो जहाजाने मुंबईला आला आणि अपोलो बंदरावर उतरला. तेव्हा तिथे गेटवे ऑफ इंडिया नव्हते, ते १९२४ मध्ये पूर्ण झाले. बंदरावर त्याला एक चित्पावन ब्राह्मण भेटला. त्याने या परक्या पोराला कोकणातल्या आपल्या गावी नेले. तिथल्या ब्राह्मणांनी त्याला एक अतिप्राचीन ग्रंथ पाहू दिला. ग्रंथात हातांच्या आकृत्या होत्या आणि त्याची पाने माणसाच्या कातडीची होती. सुमारे दोन वर्षे अभ्यास करून तो लंडनला परतला.

लंडनच्या वाचकाला हे रोमांचक वाटले असेल. कोकणातल्या वाचकाला मात्र पहिल्याच वाचनात खटकायला हवे. एकोणिसाव्या शतकातले चित्पावन घर म्हणजे सोवळ्याओवळ्याचा काटेकोर कारभार. चामड्याची वहाण ओटीच्या बाहेर, साध्या स्पर्शाचाही विटाळ. अशा घरात, तेही विद्येचा ठेवा म्हणून, माणसाच्या कातडीचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या जपला जाईल? महाराष्ट्रातल्या जुन्या पोथ्या हाती केलेल्या कागदावरच्या आहेत. लाकडी फळ्यांमध्ये धरून, कापडात गुंडाळून त्या ठेवल्या जात.

म्हणजे तो भारतात आलाच नव्हता, असे यावरून सिद्ध होत नाही. मुंबईला येणाऱ्या आगबोटी भरपूर होत्या. कोकणात पंचांग सांगणारे, पत्रिका मांडणारे जोशी गावोगावी होते आणि एखाद्या जोशीबुवांनी जिज्ञासू परदेशी मुलाला चार गोष्टी शिकवल्याही असतील. पण कातडीच्या ग्रंथाची गोष्ट रचली गेली ती कोकण न पाहिलेल्यांसाठी. या सगळ्याला कीरोच्या शब्दापलीकडे आधार नाही.

प्रसिद्धी कशी मिळाली?

झपाट्याने. कीरोने लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही गाजवले. मार्क ट्वेन, ऑस्कर वाइल्ड, सारा बर्नहार्ट अशी नावे त्याच्या ग्राहकांत सांगितली जातात. येणाऱ्यांकडून तो अभिप्रायवहीत चार ओळी लिहून घेई. मार्क ट्वेनने त्यात आपला स्वभाव लाज वाटावी इतका अचूक ओळखल्याची कबुली दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर कीरोला ग्राहकांच्या रिव्ह्यूचे मोल सव्वाशे वर्षांपूर्वीच कळले होते. १८९४ मध्ये हातावरचे त्याचे मोठे पुस्तक आले आणि ते अनेक आवृत्त्यांत खपले.

त्याच्या भविष्यांचे काय? एका समारंभात पडद्याआडून पुढे आलेले ऑस्कर वाइल्डचे हात पाहून आपण त्याचे पतन वर्तवले होते, असे तो सांगतो. वाइल्डला शिक्षा झाली १८९५ मध्ये, त्याचा मृत्यू १९०० मध्ये. कीरोच्या आठवणींचे पुस्तक आले १९१२ मध्ये. घटना घडून गेल्यावर छापलेले भविष्य तपासायचे कसे, ही अडचण त्याच्या बऱ्याच किश्शांना लागू होते.

अंकांचा तक्ता कुठून आला?

हस्तसामुद्रिकावर नाव कमावल्यानंतर, साठीच्या उंबरठ्यावर, १९२६ च्या सुमारास कीरोचे अंकांवरचे पुस्तक आले. आज भारतात त्याचे नाव टिकले आहे ते मुख्यतः या पुस्तकामुळे. यातही त्याने ब्राह्मणांकडून मिळालेल्या गुप्त ज्ञानाचा हवाला दिला. तक्त्याचे श्रेय मात्र खाल्डियनांना, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागातल्या प्राचीन लोकांना दिले.

इथे दोन गोष्टी अडतात. पहिली, त्या प्रदेशाची जुनी लिपी बाणाग्री होती, मातीच्या विटेवर कोरलेली. तिच्यात ए ते झेड अशी वर्णमाला नव्हती. इंग्रजीतले जे हे अक्षर तर आयपासून वेगळे झाले त्याला जेमतेम काही शतके झाली. दुसरी, कीरो ४ हा आकडा युरेनसला आणि ७ नेपच्यूनला देतो. युरेनसचा शोध लागला १७८१ मध्ये आणि नेपच्यूनचा १८४६ मध्ये, दोन्ही दुर्बिणीतून. प्राचीन खाल्डियनांना ते ठाऊक असणे शक्य नाही. भारतीय अंकज्योतिषांनी पुढे ४ राहूला आणि ७ केतूला दिला आणि ही अडचण चुपचाप मिटवली.

मग तक्ता आला कुठून? हिब्रू अक्षरांची मूल्ये शेजारी ठेवून पाहा. हिब्रूत स्वतंत्र अंकचिन्हे नव्हती, अक्षरेच आकड्यांचे काम करत. आलेफ १, बेथ २, गिमेल ३, दालेथ ४. पुढे काफ २०, लामेद ३०, मेम ४०, रेश २००, ताव ४००. आता शून्ये काढून टाका आणि त्या त्या उच्चाराचे इंग्रजी अक्षर लिहा. ए १, बी २, जी ३, डी ४, के २, एल ३, एम ४, आर २, टी ४. हाच कीरोचा तक्ता. फक्त एक्स या रांगेत नीट बसत नाही, बाकी अक्षरे बसतात. हिब्रू मूल्ये रोमन अक्षरांना चिकटवण्याचा उद्योग युरोपातल्या गूढविद्येच्या मंडळींत कीरोच्या आधीपासून सुरू होता.

या तक्त्यात कोणत्याही अक्षराला ९ हा आकडा नाही. कीरोचे स्पष्टीकरण असे की, ९ हा देवाच्या नऊ अक्षरी नावाचा आकडा, म्हणून तो पवित्र. सरळ कारण वेगळे दिसते. हिब्रूत ९ मूल्याचे तेथ आणि ९० मूल्याचे त्सादी ही अक्षरे आहेत. टी आधीच तावकडे गेलेला, आणि त्सादीच्या उच्चाराला इंग्रजीत एकेरी अक्षरच नाही. म्हणून ९ ची जागा रिकामी राहिली.

थोडक्यात, आपण ज्याला खाल्डियन म्हणतो आणि ज्याचे मूळ कोकणात शोधतो, ती बायबलच्या मूळ भाषेतली अक्षरमोजणी आहे.

बायबलमध्ये आकडे दडवलेले आहेत का?

थोडे आहेत, पण फार प्रामाणिक अर्थाने. अक्षर हाच आकडा असेल तर शब्दाची बेरीज करणे ओघाने येते. या पद्धतीला गेमात्रिया म्हणतात. पनवेलला मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे. ज्यू परंपरेत आजही सालाचा आकडा अक्षरांत लिहितात. जिवंत या अर्थाच्या हिब्रू शब्दाची बेरीज १८ होते, म्हणून अनेक ज्यू कुटुंबे दान १८ च्या पटीत देतात. यात लपवाछपवी काही नाही.

सर्वांत गाजलेले उदाहरण ६६६ चे. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकात हा एका श्वापदाचा आकडा म्हणून येतो आणि तो मोजून पाहा, असे वाचकाला सुचवलेले आहे. रोमन सम्राट नीरोचे नाव सीझर या उपाधीसह हिब्रूत लिहिले तर बेरीज येते ३०६ अधिक ३६०, म्हणजे ६६६. नावाच्या शेवटचा न गाळला की ५० कमी होऊन ६१६ उरतात. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ असाच आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाचे नाव उघड न घेता सांगण्याची ही युक्ती असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

पुढची मंडळी मात्र इथे थांबली नाहीत. रशियातून अमेरिकेत गेलेल्या इव्हान पॅनिनने (१८५५-१९४२) बायबलभर ७ च्या पटी शोधण्यात उभे आयुष्य घातले. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात हिब्रूत ७ शब्द आणि २८ अक्षरे आहेत, हे खरेच. त्यावरून सगळ्या ग्रंथात तशी योजना आहे, असे त्याने ठरवले. १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निनच्या पुस्तकाने ठरावीक अंतरावरची अक्षरे उचलून बायबलमध्ये भविष्ये सापडल्याचा गाजावाजा केला. ऑस्ट्रेलियन गणिती ब्रेंडन मकाय यांनी तीच युक्ती मॉबी डिक या कादंबरीवर वापरली. त्यांना इंदिरा गांधींच्या हत्येसह अनेक हत्यांची भविष्ये त्या देवमाशाच्या गोष्टीत सापडली. मजकूर पुरेसा लांब आणि शोधणाऱ्याला नियम बदलायची मुभा असली की काहीही सापडते, हे त्यांना दाखवायचे होते.

कीरोनेही बायबल सोडले नव्हते. ७ च्या महत्त्वासाठी तो त्यातले दाखले देतो. हातावरच्या रेषांसाठी तो ईयोबच्या पुस्तकातल्या ३७ व्या अध्यायातील सातव्या वचनाकडे बोट दाखवतो. देव प्रत्येक माणसाचा हात मोहरबंद करतो, असा त्याचा आशय. हस्तसामुद्रिकवाल्यांनी त्यातून हातावरची चिन्हे काढली. पण त्याच्या आधीच्या वचनात बर्फ आणि मुसळधार पाऊस आहे, नंतरच्या वचनात गुहेत दडणारी जनावरे. अशा हवेत माणसाचे काम बंद पडते, एवढाच सरळ अर्थ तिथे निघतो.

आपल्याकडे अशी परंपरा नव्हती?

अक्षरांना आकडे देण्याची होती. आर्यभटाने अक्षरांत संख्या लिहिल्या, दक्षिणेत कटपयादी पद्धत रुजली. हेतू मोठे आकडे श्लोकात बसवून पाठ करण्याचा होता. बाळाच्या जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर काढतात, ती वेगळी रीत, तिच्यात बेरीज नाही. स्पेलिंगमध्ये अक्षर वाढवण्याचा प्रकार नंतरचा आहे. देवनागरीत लिहिलेल्या नावाला कीरोचा तक्ता लागूच पडत नाही.

नवी मुंबईचा आकडा किती?

मोबाइलवरच करून पाहा. सिडकोने हे शहर वसवायला घेतले तेव्हा इंग्रजीत त्याला न्यू बॉम्बे म्हणत. कीरोच्या तक्त्याने न्यूचे १६, बॉम्बेचे १७, एकूण ३३, म्हणजे ६. आताच्या नवी मुंबई या स्पेलिंगचे १३ आणि १८, एकूण ३१, म्हणजे ४. खाडी तीच, माणसे तीच, ग्रह मात्र शुक्राचा युरेनस झाला किंवा राहू झाला.

हाच हिशेब खुद्द त्याच्या नावाला लावता येतो. विल्यमचे १९, जॉनचे १८, वॉर्नरचे २१, बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. हा आकडा असलेल्यांना विरोधक फार आणि एकटेपणा फार, असे तो लिहितो. कीरो या नावाची बेरीज २३ होते. त्याच्या पुस्तकात २३ हा सिंहाच्या राजताऱ्याचा, यश आणि वरिष्ठांची मर्जी मिळवून देणारा आकडा आहे. नाव त्याने तरुणपणी घेतले आणि २३ चा हा अर्थ छापला साठीत.

शेवट कसा झाला?

१९२० मध्ये त्याने लग्न केले. १९३० च्या सुमारास तो अमेरिकेत हॉलिवूडला स्थायिक झाला. तिथे सिनेमातली मंडळी हात दाखवायला येत. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी तो गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने प्रेमासाठी सिंहासन सोडले. या राजपुत्राची गादी प्रेमप्रकरणापायी धोक्यात येईल, असे कीरोने काही वर्षांपूर्वी छापले होते. त्याचे चाहते हा दाखला आजही देतात आणि तो छापील असल्याने इतर किश्शांपेक्षा वजनदारही आहे. तेव्हा राजपुत्र तिशी उलटूनही अविवाहित होता, आणि त्याची प्रेमप्रकरणे लंडनच्या ज्या दिवाणखान्यांत चघळली जात, तिथलेच लोक कीरोचे ग्राहक होते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट चालतो. कीरोच्या पुस्तकांचा तो केव्हाच संपला आहे. त्यामुळे कोणीही प्रकाशक ती छापू शकतो आणि अंकशास्त्राची कित्येक ॲपही त्याचाच तक्ता फुकट वापरतात.