रॉकेटवर बसलेला डॉक्टर

रेसिंग सीट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कार्बन फायबर किंवा फायबरग्लासचं हलकं, झकास दिसणारं कवच! पण अपघातात ती सीट जागेवर राहील का, पट्टे टिकतील का, आणि मुख्य म्हणजे आतला माणूस वाचेल का? हे प्रश्न ज्यांनी स्वतःच्या शरीरावर सोडवले ते रेसिंग ड्रायव्हर नव्हते, डॉक्टर होते. त्यांचं नाव कर्नल जॉन पॉल स्टॅप.

स्टॅप यांचा जन्म 11 जुलै 1910 रोजी ब्राझीलमधल्या बाहिया इथे झाला. आईवडील अमेरिकन मिशनरी. 1928 साली नात्यातलं एक लहान बाळ भाजून त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं आणि तेव्हाच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. पैशांची ओढाताण होतीच. तरी आधी बायोफिजिक्समध्ये पीएच.डी. आणि मग वैद्यकीय पदवी मिळवून 1944 साली ते सैन्यात गेले.

त्या काळी समज असा होता की 18 जीच्या वर माणूस जगूच शकत नाही. मग सीट आणि पट्टे त्याहून मजबूत करायचे कशाला? स्टॅप यांना हे पटलं नाही. माणूस झटक्याने मरतो, की सीट उखडल्यामुळे आणि पट्टा तुटल्यामुळे मरतो, हे त्यांना शोधायचं होतं.

1947 साली कॅलिफोर्नियातल्या मुरोक हवाई तळावर रुळांवरून धावणारी रॉकेट गाडी तयार झाली. आधी पुतळा बसवला. एका चाचणीत त्याचा हलका पट्टा तुटला आणि पुतळा समोरची लाकडी काच फोडून 700 फुटांच्या पुढे जाऊन पडला. मग पट्टे सुधारले. कमरेचा पट्टा वर सरकून पोटात घुसू नये म्हणून मांड्यांकडून उलट्या व्हीसारखे पट्टे जोडले. आणि त्यानंतर सीटवर स्टॅप स्वतः बसले. एकदा नाही, अनेकदा! बरगड्या मोडल्या, मनगट मोडलं, दातांतलं सिमेंटसुद्धा निघालं.

1949 साली याच प्रोजेक्टवर एडवर्ड मर्फी नावाच्या इंजिनिअरने आणलेले सेन्सर उलटे जोडले गेले आणि रीडिंग आलं शून्य. आपण सगळे व्हायव्हाच्या दिवशी आठवतो तो मर्फीचा नियम इथलाच. तो जगाला सांगितला स्टॅप यांनी, एका पत्रकार परिषदेत.

10 डिसेंबर 1954 रोजी न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन तळावर ते शेवटचे बसले. पाच सेकंदांत वेग ताशी 1017 किलोमीटर, आणि फक्त 1.4 सेकंदांत गाडी थांबली! कमाल झटका 46.2 जी. म्हणजे 70 किलोचा माणूस क्षणभर सव्वातीन टनांचा होतो. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेना. पण सीट आणि पट्टे जागेवर राहिले, म्हणून स्टॅपही राहिले.

पुढे त्यांच्या लक्षात आलं की हवाई दलाची माणसं विमानांइतकीच मोटारींच्या अपघातांत मरताहेत. 1955 पासून त्यांनी कार क्रॅशवर परिषद भरवायला सुरुवात केली. ती आजही त्यांच्याच नावाने भरते. 1966 साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, त्यामागे त्यांची धडपड होती. 13 नोव्हेंबर 1999 रोजी, 89 व्या वर्षी ते गेले. झोपेत नव्हे तर रॉकेटवर मरण येईल असं ज्यांच्याबद्दल सगळ्यांना वाटायचं, ते इतकं जगले!

ट्रॅक कारमध्ये कंपोझिट सीट बसवताना हेच गणित लागू होतं. कवच कितीही भारी असलं तरी छोट्या वॉशरखालचा बोल्ट झटक्यात ते फाडून बाहेर येतो. म्हणून आतून मोठी प्लेट हवी, म्हणजे भार पसरतो. ब्रॅकेट पातळ पत्र्याला नाही, चॅसीच्या मजबूत भागाला लावायचे. पट्टे सीटला नाही, चॅसीला किंवा रोल केजला बांधायचे. आणि मांड्यांमधले पट्टे अडचण वाटते म्हणून काढून टाकायचे नाहीत.

वजन वाचवायच्या नादात एखादी प्लेट कमी करावीशी वाटली, तर ते 46.2 जी आठवा. आपल्या सीटवर पुतळा नाही, आपलाच कुणी मित्र बसणार आहे.