विश्लेषण : ठोकळे खेळणाऱ्या मुलांच्या शाळेवर बंदी का आली होती? ‘केजी’चा जनक फ्रोबेल कोण?

ज्युनिअर केजी, सिनिअर केजी हे शब्द आता घराघरांत रुळले आहेत. चर्चा मात्र प्रवेश, फी आणि गृहपाठाचीच होते. ‘केजी’ म्हणजे किंडरगार्टन. हा शब्द देणाऱ्या जर्मन शिक्षकाने लहान मुलांच्या हाती पुस्तक नव्हे, तर चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले होते.

फ्रोबेल कोण होते?

फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंजिया भागात झाला. वडील धर्मोपदेशक होते. फ्रोबेल वर्षाचे होण्याआधीच आई गेली. सावत्र आईची माया फार काळ टिकली नाही. दहाव्या वर्षी ते मामाकडे राहायला गेले. तरुणपणी त्यांनी वनखात्याचे काम शिकून पाहिले. १८०५ मध्ये वास्तुकला शिकायला ते फ्रँकफर्टला पोहोचले आणि तिथे शिक्षक झाले. पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला. साध्या आकारांतून मोठी रचना उभी राहते, हे त्यांना तिथे जवळून दिसले.

आठ ठोकळ्यांत काय होते?

१८३७ मध्ये ब्लँकेनबर्ग येथे त्यांनी खेळसाहित्य बनवायला सुरुवात केली. १८४० मध्ये संस्थेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. साहित्याला ते ‘भेट’ म्हणत. पहिली भेट लोकरीच्या चेंडूंची. तिसरी दोन इंची घनाची, एकेक इंचाच्या आठ ठोकळ्यांत विभागलेली. मूल त्यातून घर, पूल, खुर्ची बांधे. नियम दोनच : सगळे ठोकळे वापरायचे आणि आधीचे मोडून न टाकता त्यातूनच पुढचे घडवायचे. शेवटी पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवायचा.

बंदी का आली?

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद पसरवल्याचा ठपका होता. त्यामागे फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल यांच्या लिखाणामुळे झालेला गोंधळही होता. खुलासा करूनही निर्णय बदलला नाही. २१ जून १८५२ रोजी फ्रोबेल यांचे निधन झाले. बंदी उठली १८६० मध्ये. ते पाहायला ते नव्हते.

पुढे काय झाले?

त्यांच्या अनुयायांनी, विशेषतः महिला शिक्षकांनी, ही पद्धत युरोप-अमेरिकेत नेली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे साहित्य पाहून एका आईने मुलासाठी ते घेतले. तो मुलगा म्हणजे प्रख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचे ऋण त्यांनी पुढे मान्य केले. श्वायना येथे फ्रोबेल यांच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल आहेत.

घरी हा खेळ कसा मांडाल?

महागडा सेट लागत नाही. सारख्या मापाचे आठ ठोकळे किंवा रिकामे खोके पुरेत. मुलाला गवंडी होऊ द्या, तुम्ही घरमालक व्हा. घर कोणाचे, दार कुठे, एवढेच विचारा. बांधून देऊ नका. घर झाले की त्याच ठोकळ्यांचा पूल मागा. अगदी लहान मुलांना तोंडात जातील असे तुकडे देऊ नका. खेळ संपल्यावर ठोकळे मुलालाच रचून ठेवू द्या. ‘केजी’चा पहिला धडा हाच होता.