जांबचे दोन बंधू

आपल्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी, इ. स. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. सूर्याजीपंत ठोसर हे त्यांचे वडील व राणूबाई या मातोश्री. बाराव्या वर्षी बोहल्यावरून ते निघून गेले, ही कथा सर्वांस ठाऊक आहेच. पुढे बारा वर्षे नाशिकजवळ टाकळी येथे तप व तितकीच वर्षे देशाटन करून ते मातोश्रींच्या भेटीस आले, असे चरित्रकार सांगतात.

या चोवीस वर्षांत घर कोणी सांभाळिले? थोरले बंधू गंगाधरपंत यांनी. वडील पूर्वीच निवर्तले होते. मातोश्रींची सेवा, मुलेबाळे व गावचे कुळकर्ण यांचा भार वाहूनही त्यांनी ‘सुगमोपाय’ व ‘भक्तिरहस्य’ हे ग्रंथ रचिले.

स्वतः घर सोडणाऱ्या समर्थांनी लोकांस मात्र तसा उपदेश केला नाही. संसाराकडे पाठ फिरविल्याने दुःखच पदरी येते. मिळकतीतून अडचणीच्या काळासाठी काही राखावे. भोजनोत्तर वेळ वाचनात व चर्चेत घालवावा, अशी ‘दासबोधा’ची शिकवण आहे. तिचा दाखला त्यांच्या घरीच होता, असे आम्हांस वाटते.

इ. स. १६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थांनी देह ठेविला. त्यांचे नाव घरोघरी झाले. गंगाधरपंतांचे थोड्यांसच ठाऊक आहे. विद्यार्थ्यांनो, तुम्ही निवांत अभ्यासास बसता, तेव्हा घरचे पाणी कोणी भरिले व फीचे पैसे कोणी साठविले, याचा विचार अवश्य करावा.