वॉटर्लूपूर्वीची असई

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरील ॲप्सली हाउस हे वेलिंग्टनच्या पहिल्या ड्यूकचे निवासस्थान. ब्रिटिशांच्या स्मरणात त्याचे नाव १८ जून १८१५ च्या वॉटर्लूशी कायमचे जोडले गेले आहे. त्याचे स्वतःचे मत मात्र निराळे होते. रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले गेले तेव्हा त्याने नेपोलियनवरील विजयाचे नव्हे, तर आजच्या जालना जिल्ह्यातील असई या खेड्याचे नाव घेतले.

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील एका सरदार घराण्यात झाला. ईटनच्या शाळेत तो कधी चमकला नाही. तरुणपणी व्हायोलिनचा नाद होता. १७९३ मध्ये विवाहाची मागणी नाकारली गेल्यावर त्याने ती वाद्ये जाळून टाकली आणि सैनिकी पेशा गांभीर्याने घेतला. १७९७ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी थोरला बंधू रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि आर्थरला मोठ्या जबाबदाऱ्या मिळू लागल्या.

टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणचा कारभार पाहताना तो एक गोष्ट पक्की शिकला: फौज आधी पोटावर आणि बैलांवर चालते. बंजाऱ्यांचे तांडे, धान्याचा साठा, ओझ्याचे बैल यांचा हिशेब तो जातीने ठेवी.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. पुढील वर्षी वेलस्लीने त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. युद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला चार दिवसांत पडला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात मराठ्यांची प्रचंड फौज अचानक समोर आली. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अद्याप दूर होती. वेलस्लीने थांबायचे नाही असे ठरवले. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते; परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे दिसताच, तेथे उतार असणारच, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला.

शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन याने संपूर्ण आघाडी नव्या दिशेला वळवून त्याला चकित केले. मराठी तोफांनी इंग्रजांच्या रांगा अक्षरशः कापून काढल्या. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच त्यांनी मागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसरा भाल्याने जखमी झाला. संध्याकाळी ९८ तोफा त्याच्या हाती आल्या, मात्र सुमारे १,६०० माणसे मृत वा जायबंदी झाली. लढाईत उतरलेल्या त्याच्या फौजेपैकी एक तृतीयांश खर्ची पडली होती.

मराठ्यांचा पराभव शौर्याच्या अभावी झाला नाही. यशवंतराव होळकर या युद्धापासून अलिप्त राहिले, पेशव्याचे स्वार इंग्रजांच्या बाजूला होते, आणि शिंदे-भोसल्यांचे विशाल घोडदळ त्या दिवशी जवळजवळ निष्क्रिय राहिले. वेलस्लीच्या फौजेतील बहुसंख्य शिपाईही मद्रासकडील हिंदी होते. असईच्या स्मरणार्थ मिळालेले हत्तीचे चिन्ह भारतीय लष्कराची मद्रास रेजिमेंट आजही धारण करते.

त्यानंतर अडगाव आणि गाविलगड पडले. डिसेंबरात भोसले व शिंदे यांनी तह केले. १८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी परतला. नेपोलियनच्या गोटात हिंदी शिपायांचा सेनापती म्हणून त्याची हेटाळणी होई. परंतु दख्खनमध्ये कमावलेली रसदीची शिस्त आणि भूप्रदेश वाचण्याची नजर त्याला स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमांत उपयोगी पडली, आणि वॉटर्लूला ती हेटाळणी कायमची थांबली.

पुढे तो पंतप्रधान झाला. १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मर कॅसल येथे त्याचे निधन झाले आणि सेंट पॉल्समध्ये राजेशाही इतमामात त्याचे दफन झाले. युरोपातील सर्वश्रेष्ठ सेनानीला हरवणाऱ्या या माणसाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र केळणेच्या काठावर शिंद्यांच्या गोलंदाजांनी घेतली होती. आणि ती जाणीव त्याने अखेरपर्यंत जपली.