पक्षीमित्र सलीम अली

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईला झाला. ते तीन वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही वारले. मामांनी त्यांना वाढवले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे पेंढा भरलेले खूप पक्षी बघितले आन् त्यांना पक्ष्यांचा नाद लागला.

१९३० साली नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला राहिले. घराजवळ सुगरणीचे खोपे होते. शिडीवर आडोसा करून ते बघत बसायचे. त्यांना कळलं की खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन बघते. पसंत पडला तर राहते, मग नर तो पुरा करतो. नंतर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो!

मी हे आजीला सांगितलं. तिला पटेना, कारण नाव तर सुगरण. मग आम्ही दोघं विहिरीवरच्या बाभळीखाली बसलो. पिवळ्या डोक्याचा नरच गवताची काडी घेऊन येत होता. आजी खूप हसली.

मागल्या साली मी गलोलीने एक खोपा पाडला होता. आत पांढरी अंडी होती, ती फुटली. हे मी आजीला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

सलीम अली यांना १९७६ साली पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी ते वारले. आमच्या बाभळीला आता सात खोपे आहेत. एक अर्धाच लटकतोय, तो मादीला आवडला नसंल.