गीता सांगणारे विनोबा कुराण कसं शिकले? धुळे जेल ते पवनार, एका नवशिक्याची गोष्ट

धुळ्याचा तुरुंग आणि विनोबा भावे हे नातं खान्देशात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर विनोबा कैद्यांसमोर बोलले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्यांनी ते सगळं झरझर लिहून घेतलं. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झालं आणि ते आजही घराघरात सापडतं.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. धुळ्यानंतर साधारण सात वर्षांनी याच विनोबांनी अरबीची अक्षरं गिरवायला घेतली. वय चाळिशीच्या पुढे, तब्येत नाजूक आणि समोरचा ग्रंथ कुराण.

नेमके कोण होते विनोबा?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावात झाला. शिक्षण बडोद्यात झालं. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतला गाडीतून उतरला आणि थेट काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. आईला संस्कृत गीता कळत नाही म्हणून त्यांनी १९३०-३१ मध्ये ती मराठीत ‘गीताई’ म्हणून आणली.

पाचोरा स्टेशनवरून भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरकडे जाणारी गाडी वर्ध्याला थांबते. वर्ध्याजवळच धाम नदीकाठी पवनार आहे. प्रकृती ढासळल्यामुळे विनोबा १९३८ मध्ये इथे राहायला आले. कुराणाचा अभ्यासही याच काळातला.

अभ्यास सुरू करायचं कारण काय?

कारण साधं होतं. आजूबाजूला मुसलमान शेजारी होते आणि त्यांच्याशी खरी जवळीक व्हायची तर ते ज्याला सर्वोच्च मानतात तो ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचला पाहिजे, असं विनोबांना वाटलं. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. देशाला त्यांची ओळख करून देताना त्यांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवली, की इस्लाम समजून घेण्यासाठी या माणसाने मूळ कुराणाला एक वर्ष दिलं आणि त्यासाठी अरबी शिकली. सूत, खादी, शिस्त यांच्या यादीत ही बाब येते, हे आज वाचताना थोडं चकित करतं.

सुरुवात त्यांनी इंग्रजी भाषांतरापासून केली. मार्माड्यूक पिक्थॉल यांचं भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पिक्थॉल हे इस्लाम स्वीकारलेले इंग्रज लेखक. काही वर्षं मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, नंतर निजामाच्या हैदराबादेत नोकरीला होते. भाषांतर वाचून झाल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात. विनोबा मूळ ग्रंथाकडे वळले.

नवशिक्यापुढे अडचणी कोणत्या?

पहिली अडचण लिपीची. अरबीत २८ अक्षरं, लिहायची उजवीकडून डावीकडे. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं. ऱ्हस्व स्वर अक्षराच्या वर-खाली खुणांनी दाखवतात. त्यात उच्चारांचा गोंधळ. आपल्या कानाला नुसता ‘स’ किंवा ‘ह’ ऐकू येतो, तिथे अरबीत वेगवेगळी अक्षरं असतात आणि अक्षर बदललं की अर्थ बदलतो. म्हणूनच कुराण शुद्ध म्हणण्याचं वेगळं शास्त्र आहे, त्याला तजवीद म्हणतात. मदरशातली मुलं हे लहानपणी ऐकून ऐकून शिकतात. विनोबांना ते मोठेपणी करायचं होतं. त्यांनी उच्चार पक्के करण्यासाठी रेडिओवरचं कुराणपठण ऐकण्याचा मार्ग धरला. पुढे गांधीजींच्या सांगण्यावरून मौलाना आझादांसमोर त्यांनी आयती म्हणून दाखवल्या आणि मौलाना खूश झाले, असा प्रसंग त्यांच्याबद्दल सांगितला जातो.

एका बाबतीत मात्र त्यांना फायदा होता. अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात. र-ह-म पासून रहम, रहीम, रहमान. क-त-ब पासून किताब, कातिब, मकतब. संस्कृतच्या धातूंवर पोसलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. मराठी माणसालाही पूर्ण परकी नाही. कुराणाच्या अगदी पहिल्या सूरेत, फातिहात, ‘मालिक’ हा शब्द येतो. आपला ‘मालक’ तोच.

दुसरी अडचण मांडणीची. कुराणात ११४ सूरा आणि प्रचलित मोजणीप्रमाणे ६,२३६ आयती आहेत. मक्का आणि मदिना इथे सुमारे २३ वर्षांत हा संदेश आला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. पण ग्रंथात तो काळाच्या क्रमाने नाही. सात आयतींच्या फातिहानंतर लगेच २८६ आयतींची बकरा ही सूरा येते आणि पुढे साधारण मोठ्याकडून छोट्याकडे क्रम जातो. त्यामुळे कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचत जाणारा नवखा वाचक दुसऱ्याच सूरेत अडखळतो. प्रार्थना, इतिहास, वारसाहक्क, युद्धाचे नियम असं सगळं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं. एखादी आयत कोणत्या प्रसंगात आली हे माहीत नसेल तर तिचा भलताच अर्थ निघू शकतो. सोशल मीडियावर फिरणारे एका ओळीचे फॉरवर्ड नेमके इथेच फसवतात.

अभ्यास कामी कुठे आला?

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये विनोबा मेवातात गेले. फाळणीच्या दंगलीत उखडलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा आपल्या गावी बसवायचं काम होतं. त्याच वर्षी ते अजमेरच्या दर्ग्यातही गेले. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि पुढची तेरा वर्षं ते चालत राहिले. १९५९ मध्ये काश्मीर, सप्टेंबर १९६२ मध्ये तेव्हाचा पूर्व पाकिस्तान. जमीन मागायला आलेला हा धोतरवाला म्हातारा कुराणातल्या आयती मूळ अरबीत म्हणतो, हे अनेक गावांनी पाहिलं.

वादही त्याच सुमारास झाला. इतक्या वर्षांच्या वाचनातून विनोबांनी हजारावर आयती निवडल्या, त्या विषयांनुसार लावल्या आणि ‘कुराण-सार’ तयार केलं. पुस्तक लोकांच्या हाती पडण्याआधीच पाकिस्तानातल्या वृत्तपत्रांत टीका सुरू झाली. एका बिगर-मुस्लिमाने अल्लाच्या ग्रंथातून निवड करायची, हा काय अधिकार?

हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. श्रद्धावान मुसलमानासाठी कुराणातलं प्रत्येक अक्षर आणि त्याचा क्रम पवित्र आहे. निवड करायची म्हणजे काहीतरी गाळायचं, आणि काय गाळायचं हे निवडणाऱ्याच्या मनावर. विनोबांचा भर ईश्वरभक्ती, नीती, दान, सहनशीलता यांवर होता. कायदेकानू जाणून घेणाऱ्याला हे सार पुरणार नाही. पण हात लावला तो फक्त दुसऱ्याच्या ग्रंथाला, असंही झालं नाही. धम्मपदाची त्यांनी नव्याने मांडणी केली, भागवताचं सार काढलं, ख्रिस्ती धर्माचंही काढलं. भारतातल्या मुसलमानांतूनही अनेकांनी त्या वेळी विनोबांची बाजू घेतली.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला अन्नपाणी सोडून विनोबांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. ‘कुराण-सार’ मराठीतही वाचायला मिळतं.

आणि धुळ्यात त्यांची गीता लिहून घेणारे साने गुरुजी? पैगंबरांचं चरित्र सांगणारं ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते छापून आलं ते गुरुजी गेल्यानंतर.